फळीवर उभे राहा

आधी चपला काढा. बूट असतील तर बूट आणि मोजेही. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून भागणार नाही, चिखल त्याच्याही वर येतो. धोतर मिळेल, ते मांड्यांपर्यंत वर खोचायचं. घड्याळ, फोन, पाकीट इथेच रस्त्याच्या कडेला ठेवा. नागपूरहून रायपूरकडे जाणारा हा महामार्ग आहे. साकोलीच्या आसपास कुठेही उतरलात तरी चालेल. डांबर सोडा, खालच्या पांदणीत उतरा आणि मागे न बघता चालत राहा. थोडं पुढे गेलात की ट्रकांचा घरघराट विरतो. आणखी थोडं पुढे गेलात की विजेच्या तारा दिसेनाशा होतात. मग बेडकांचा आवाज इतका वाढतो की स्वतःच्या पावलांचा चुबुक-चुबुकही ऐकू येत नाही. आता तुम्ही नव्वदेक वर्षं मागे आला आहात. नक्षत्र पुनर्वसू, वेळ पहाटेची, कोंबडा नुकताच आरवून गप्प झालेला.

सगळ्यात आधी वास येतो. ओल्या घोंगडीचा, शेणाचा, कुजलेल्या पानांचा आणि रात्रभर पाण्याखाली राहिलेल्या मातीचा. अंधारात काही दिसत नाही, पण पाय बघू लागतात. गाडीच्या चाकोरीत चिखल पातळ आहे, मधल्या उंचवट्यावर चिकट. डाव्या पायाखाली काहीतरी गार, गुळगुळीत सरकतं. बेडूकच असेल, थांबू नका. पुढे कंदिलाचा पिवळा ठिपका हलतो आहे आणि त्यामागून घोगरा आवाज येतो.

"कोन होय गा?"

तुम्ही काहीतरी पुटपुटता. कंदील वर होतो, तुमच्या गोऱ्यापान, कधीच न चिरलेल्या पायांवर येऊन थांबतो. म्हातारा क्षणभर बघतो. या दिवसांत दोन हात-पाय असलेला कोणीही आला तर त्याला नाव-गाव विचारत बसायला कोणाला वेळ नाही.

"चिखलाले आलास ना? मंग असा उभा काऊन? चाल."

चला. त्याच्या मागे, त्याच्या पावलावर पाऊल ठेवून. धुऱ्यावरून चालायचं आहे आणि धुरा म्हणजे धानाच्या दोन बांध्यांमधला, शेताच्या दोन तुकड्यांमधला, वीतभर रुंदीचा मातीचा बांध. डावीकडे पाणी, उजवीकडे पाणी. गवत ओलं आहे. घसरलात तर कोणी हसणार नाही, पण धुरा फुटला तर मात्र ऐकून घ्यावं लागेल, कारण वरच्या बांधीचं पाणी रात्रीतून खालच्याच्या घरी जाईल.

फटफटतं आहे. आता बघा. समोर आरशांचा खच पडला आहे. लहान-मोठ्या, वाकड्या-तिकड्या बांध्या, एकीपेक्षा दुसरी चार बोटं खाली, प्रत्येकीत आकाशाचा एक तुकडा. एवढ्या लहान का, असं तुम्हाला वाटेल. जमिनीला उतार आहे. मोठी बांधी एकसारखी सपाट करायची तर वरची इतकी माती उचलून खाली आणावी लागेल की माणसाचा जन्म पुरणार नाही. म्हणून उताराचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा स्वतःपुरता सपाट ठेवायचा. मातीसुद्धा सगळीकडे सारखी नाही. खाली नदीच्या अंगाला काळी कन्हार, तिच्यावर मोरंड, आणखी वर पिवळसर रेताड सिहार, आणि जंगलाच्या कडेला खडे-गोट्यांची बरडी. म्हाताऱ्याला कोणती बांधी कोणत्या मातीची हे तळपायाने कळतं. आज संध्याकाळपर्यंत तुम्हालाही थोडं कळायला लागेल.

बांध्यांच्या वरच्या टोकाला ती लांबलचक हिरवी भिंत दिसते आहे ना, ती तलावाची पाळ. तिच्यावर आंब्याची आणि मोहाची झाडं आहेत. असे तलाव या मुलखात गावोगाव आहेत. कोहळी समाजातल्या जाणत्यांनी पिढ्यान् पिढ्या ते बांधले, कुठे पाळ टाकली तर पाणी थांबेल हे नजरेने हेरून. तुमच्या काळात त्यांना मामा तलाव म्हणतात, माजी मालगुजारी. 1951 मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली आणि तलाव सरकारकडे आले. पण इथे अजून ते व्हायचं आहे. इथे पाणकर पाळीखाली उभा आहे, कमरेइतक्या पाण्यात. तो तुडुमाचं, म्हणजे तलावाच्या मोरीचं, लाकडी बूच हलवतो आहे. पाणी आधी बुडबुडतं, मग दगडांतून घुसून बाहेर येतं आणि पाटात पडतं. त्या आवाजाने तीन-चार शेतांतले लोक एकदम मान वर करतात. कोणाला किती वेळ पाणी जाणार हे पाणकराच्या डोक्यात आहे. आत्ताची पाळी तुमच्या म्हाताऱ्याची.

पाऊस पडतो, मग तलावाचं पाणी कशाला, हा प्रश्न बरोबर आहे. या भंडारा जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कमी नाही. पण तो धानाच्या सोयीने पडत नाही. मृगात तोंड दाखवतो, आर्द्रेत दडी मारतो. रोपं वाफ्यात तीन-चार आठवड्यांची झाली की ती थांबत नाहीत, उंच होतात, पिवळी पडतात. त्या आठ-दहा दिवसांत चिखल तयार हवाच. म्हणून वरच्या अंगाला हे साठवलेलं आकाश.

आता तुमचं वाहन बघून घ्या. कुठल्याही जमिनीवर चालणारं, चढ-उतार, पाणी, गाळ, काही न बघणारं. चार पाय, दोन मागे वळलेली शिंगं, आणि रंग ओल्या पाटीसारखा काळा. याला इथे हल्या म्हणतात, तुमच्याकडे रेडा म्हणत असतील. जोडी आहे. जवळ जा, घाबरू नका. त्यांच्या अंगातून वाफ निघते आहे. नाकपुड्यांतून येणारा श्वास गरम आहे आणि त्याला रवंथ केलेल्या तणसाचा आंबूस वास आहे. पाठीवर तळहात ठेवा: केस थोडे, राठ, आणि खाली कातडी जाड, दगडासारखी थंड. बैलही आहेत गावात, पण बैल कोरड्या रानाचा राजा. मांडीभर गाळात त्याचा पाय अडकला की तो बावरतो, धडपडतो, जोखडात मान आखडून घेतो. हल्या गाळात शिरला की त्याचा चेहरा निवळतो. तो जोरात चालणार नाही, पण थांबणारही नाही. एकच सावध राहायचं, मध्येच त्याला बसावंसं वाटतं. नांगरासकट, जोडीदारासकट, चिखलात आरामात बसतो आणि डोळे मिटतो. म्हणून कामाची घाई पहाटे करायची, कारण ऊन चढलं की त्याचं ऐकावंच लागतं.

जू मानेवर चढलं. शिवळा बसल्या. म्हाताऱ्याने कासरा तुमच्या हातात दिला आणि नांगराचं रुमणं, म्हणजे मूठ, दाखवलं. तुतारीही दिली, टोकाला खिळा असलेली काठी. पण ती वापरायची नाही, नुसती दिसू द्यायची. जिभेने टाळ्याशी च्चक करा. चालले.

पहिली दहा पावलं तुम्ही नांगर धरलेला नाही, नांगराने तुम्हाला धरलं आहे. फाळ खाली जातो, रुमणं वर उसळतं, मनगटाला झटका बसतो. दाबा. जास्त दाबू नका, नाहीतर हल्ये थांबतील. चिखल पोटरीपर्यंत येतो आणि पाय बाहेर काढताना एक मोठा ओला चुंबनासारखा आवाज होतो. पाण्याचा वरचा थर कोमट, खालचा गाळ गार. बोटांच्या फटीतून तो वर येतो, लोण्यासारखा, मध्येच एखादी मुळी, शिंपला, मागच्या सालचं धसकट तळव्याला टोचतं. मागे वळून बघा: उलटलेल्या तासातून गडद, काळपट माती वर येते आहे आणि तिच्यातून बुडबुडे सुटताहेत. त्याचा वास सडक्या अंड्याच्या जवळपासचा आहे, पण अर्ध्या तासात तो तुम्हाला आवडायला लागतो. बगळ्यांना तर तो लांबूनच आवडतो. तुमच्या मागे पंधरा-वीस पांढरे बगळे एका ओळीत चालताहेत, फाळाने उघडं पडलेलं प्रत्येक किडूक टिपत.

आडवं झालं की उभं. उभं झालं की पुन्हा आडवं. दोनदा नांगर, मग दात असलेली दतारी. तण मुळासकट गाडलं जातं आणि पाण्याखाली कुजून खत होतं. ढेकळं विरघळतात. पण याहून मोठं काम डोळ्यांना दिसत नाही. खुरांनी, पायांनी, फाळाने मळून-मळून मातीचे बारीक कण सुटे होतात, खाली बसतात आणि तळाशी एक घट्ट थर तयार होतो. त्यातून पाणी सहजासहजी झिरपत नाही. या बांधीला तळ असतो तो असा, तुडवून केलेला. न तुडवलेल्या रानात तलावभर पाणी सोडलं तरी ते दोन दिवसांत जमिनीच्या पोटात जाईल.

ऊन वर आलं. आता गोंगाट ऐका. चारी बाजूंनी हाका. वरच्या बांधीतून कोणी हल्यांना शिव्या देतंय, अतिशय प्रेमाने. खालच्या बांधीतून कोणी पाणी बंद करायला ओरडतंय. लहान पोरं टोपल्या घेऊन पाटाच्या तोंडाशी बसली आहेत. तलावातून वाहून आलेले झिंगे, बोटभर मासोळ्या टोपलीत टपटप पडतात. एका पोराच्या हाती मरळ लागली, ती निसटली, तो तिच्यामागे पालथा पडला आणि उठला तेव्हा त्याचे फक्त डोळे आणि दात पांढरे होते. सगळी शेतं हसली. तुम्हीही हसलात, आणि त्याच क्षणी पोटरीला काहीतरी गार लागलं. बघा. जळू आहे. ओढू नका. म्हाताऱ्याने कमरेच्या चंचीतून तंबाखूची चिमूट काढली, थुंकी लावून चोळली. ती सुटली. रक्त थोडा वेळ येत राहील, चिखलच लावा वर.

न्याहारी आली. डोक्यावर गाडगं घेऊन आलेल्या बाईने तुम्हाला एकदा खालून वर पाहिलं आणि काही न विचारता पळसाच्या पानांचा द्रोण तुमच्यापुढे धरला. आंबील आहे. आंबट, गार, मिठाची, तिच्यात रात्रीचा भात कुस्करलेला. सोबत बुक्कीने फोडलेला कांदा आणि एक हिरवी मिरची. हात धुवायला बांधीतलंच पाणी. धुऱ्यावर उकिडवं बसून प्या. घशातून खाली उतरताना तिचा गारवा छातीपर्यंत जाणवतो. हॉटेलात बसून तुम्ही पुष्कळ काही प्यायला असाल, पण पाच तास चिखलात चालल्यावर आंबील काय असते ते फक्त इथेच कळतं.

आता कामातलं खरं कसब.

नांगर सोडला. त्याच्या जागी एक जाड, जड लाकडी फळी आली, माणसाहून लांब, खालची कड झिजून गुळगुळीत झालेली. दोन दोर जुवाला बांधले. म्हातारा फळीवर चढला, पाय फाकवले, एका हातात कासरा, दुसऱ्या हाताने हल्याचं शेपूट. च्चक. फळी सरकली आणि तिच्यापुढे चिखलाची एक लाट उभी राहिली.

बघत राहा, कारण तो काय करतो आहे हे पटकन कळत नाही. उंचवटा आला की तो फळीवर भार टाकतो, गुडघे वाकवून खाली दाबतो. फळी चिखल खरवडते, लाट फुगते. खोलगट जागा आली की तो पुढचा पाय हलका करतो, कधी नुसता उतरूनच जातो. फळी वर उचलली जाते आणि ती लाट तिथेच पसरते. भरणं आणि सोडणं. त्याच्या शरीराचा भार हाच इथला खटका.

तुमच्यापैकी कोणाचं मूल, पुतण्या, भाचा कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तरेकडे असेल, तर त्याने हिवाळ्यात पाठवलेला व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. चार जाड टायरांची उघडी गाडी, एटीव्ही म्हणतात ती, तिच्यापुढे पोलादी पातं, आणि घराच्या दारापासून रस्त्यापर्यंत रात्रभर पडलेला बर्फ तो बाजूला लोटतो आहे. तिथेही हेच कसब आहे. पातं किंचित तिरकं ठेवायचं म्हणजे बर्फ एका अंगाला घरंगळतो. खाली खडी असेल तर पातं थोडं वर उचलायचं, नाहीतर बर्फाबरोबर वाटही खरवडून निघते. आणि पहिल्याच बर्फात ढीग लांब, अगदी कडेपलीकडे लोटायचे, कारण ते गोठून दगड होतात आणि महिनाभराने वाट अरुंद होऊन बसते. गाडी दारातल्या पायरीपर्यंत पोचत नाही, तिथे हाती फावडंच लागतं. तो पोरगा हे सगळं तिथे एकटा शिकला असेल. त्याच्या पणजोबाला ते येत होतं. फक्त एक मोठा फरक आहे. तिथे आभाळातून पडलेलं बाहेर टाकायचं असतं. इथे चिखलाचा एक गोळासुद्धा बांधीबाहेर जाता कामा नये आणि आभाळातून पडलेला थेंबही नाही.

"चढ फळीवर," म्हातारा म्हणतो. "पाय पसर. भिऊ नोको."

चढा. लाकूड ओलं आहे, निसरडं, पण तुमच्या तळव्यांवर आता चिखलाचा थर आहे, तो धरून ठेवतो. हल्याचं शेपूट हातात घ्या. त्याला त्याचं काही वाटत नाही. च्चक. फळी हलली आणि तुमचं पोट मागे राहिलं. गुडघे सैल सोडा! सैल! असं. आता तुम्ही पाण्यावरून चालला आहात. पायाखाली जमीन सरकते आहे, वजन असलेली, जिवंत, फळीतून तळव्याला कळणारी. इथे गच्च लागली म्हणजे उंचवटा आहे, दाबा. इथे एकदम हलकं वाटलं म्हणजे खळगा आहे, सोडा. समोर लाट उसळते, तिच्यातून एखादा खेकडा बाजूला पळतो, चिखलाचे शिंतोडे तोंडावर येतात, ओठांवर येतात. खारट नाही, गोडसर आहे ती माती. वळणावर फळी बाहेरच्या अंगाला भिरकावली जाते आणि तुम्ही पडता. पडाच. इथे पडण्याइतकं मऊ दुसरं काही नाही. पोरं किंचाळून हसतात, हल्ये थांबून वळून बघतात.

पुन्हा चढा.

किती फेऱ्यांनी झालं म्हणायचं, हे कोण सांगतं? पाणी सांगतं. बांधीभर चार बोटं पाणी उभं आहे. जिथे मातीचं टेंगूळ वर डोकावतं तिथे उंच, जिथे वाऱ्याच्या लहरी मोठ्या दिसतात तिथे खोल. म्हातारा धुऱ्यावर उकिडवा बसून डोळे बारीक करून पाण्याच्या पातळीत बघतो आणि हाताने खूण करतो: तिकडलं इकडे. तुमच्या काळात शेत सपाट करायला लेझरचे किरण वापरतात. इथे हे पाणी आहे आणि ही नजर. नुसतं डौलासाठी नाही हे. टेंगळावर लावलेलं रोप उन्हात सुकेल, तिथे तण माजेल. खळग्यातलं रोप बुडून सडेल. सगळ्या बांधीने एकाच दिवशी हिरवं व्हायचं आणि एकाच दिवशी पिवळं, तर तळ असा हवा.

मला एक गोष्ट नेहमी लागते. हावड्याच्या गाडीत भंडारा रोड सुटल्यावर लोक खिडकीतून ही शेतं बघतात आणि म्हणतात, काय सपाट मुलूख आहे. सपाट नव्हताच तो. त्यातला प्रत्येक तुकडा कोणीतरी फळीवर उभं राहून, पडून, पुन्हा चढून सपाट केला आहे, आणि एकदाच नाही, दर पावसाळ्यात. पाऊस, खुरं, नांगर मिळून वर्षभरात ते बिघडवतात आणि मृग लागला की पुन्हा पहिल्यापासून. ज्या माणसांनी हे केलं त्यांची नावं कुठल्या शिलेवर कोरलेली नाहीत, म्हणून तरी तुम्ही आज ही फळी थोडी मन लावून चालवा.

कोपरे राहिलेत. फळी तिथे वळत नाही. पावडा घ्या. कोपऱ्यातला चिखल ओढून आत घ्यायचा, मग धुऱ्याच्या कडेचं गवत छाटायचं, खेकड्यांची बिळं शोधून त्यांत चिखलाचे गोळे ठोसायचे आणि वरून ओल्या मातीने धुरा लिंपून काढायचा, तळहाताने, वरून खाली. हे काम कंटाळवाणं वाटेल. कमरेत कळ येईल. पण एक बीळ राहिलं तर सगळी मेहनत रातोरात त्यातून वाहून जाते, म्हणून म्हातारा तुमच्यामागे फिरून प्रत्येक हात पारखतो. एके ठिकाणी तो पायाचा अंगठा दाबतो आणि तो आत जातो. "हे का?" एवढंच म्हणतो. पुन्हा लिंपा.

दुपार. ढग फाटले आणि ऊन असं पडलं की पाणी डोळ्यांत घुसतं. खालून वाफ, वरून चटका. पाठीवरचा चिखल वाळून तडकतो, त्वचा ओढली जाते. हल्यांनी आता साफ नकार दिला आहे. जू काढलं, ते थेट तलावाकडे निघाले, पाण्यात शिरले, नुसती नाकं आणि शिंगं वर. तुम्हीही जा. त्यांच्यापासून दहा हातांवर बसा. वरचं पाणी गरम, खाली पायांशी झऱ्याची थंडी. पलीकडच्या काठाला ढिवर जाळं झटकतो आहे. कमळाची पानं. पाळीवर मोहाच्या सावलीत माणसं आडवी झाली आहेत, तेंदूपानाच्या बिड्या पेटल्या आहेत, ओल्या काडीपेटीला शिव्या पडताहेत. कोणीतरी मंडईच्या जत्रेतल्या नाटकाची गोष्ट सांगतोय, गेल्या दिवाळीनंतर पाहिलेली. सोंगं कोणी घेतली, कोण बोलताना अडलं, कोणाची मिशी गळाली. दिवाळी अजून चार महिने लांब आहे, धान उभं राहायचं आहे, तरी गोष्टीला गिऱ्हाईक भरपूर.

मग पश्चिमेकडून काळं आलं. आधी वारा, थंड, पाण्याच्या वासाचा. सगळी बांधी शहारली. मग सर. या पावसाला थेंब नाहीत, सरळ धारा आहेत. बांबूच्या कामट्यांवर पळसाची पानं विणून केलेलं छप्पर तुमच्या डोक्यावर चढवलं जातं. ते पाठीवरून कमरेखाली उतरतं, वाकून काम करणाऱ्याला मागून झाकतं. आत कोरडं, पानांचा वास, आणि कानांशी ताशासारखा आवाज. बाहेर काही दिसत नाही. फक्त हल्यांच्या गळ्यातल्या लाकडी घंटा, डावीकडून उजवीकडे. आता कोणी थांबत नाही. फुकटचं पाणी आहे, तुडूम बंद करा, तलावातलं राहू द्या पुढच्यासाठी. शेवटच्या दोन फेऱ्या धारांतच.

संध्याकाळी गावात या. कौलांतून धूर निघतो आहे, ओल्या लाकडांचा, डोळे झोंबणारा. कोठ्यात डासांसाठी कडुनिंबाच्या पाल्याची धुनी पेटवली आहे आणि हल्ये तिच्यात निवांत उभे आहेत. तुमच्या पायांकडे बघा. बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडून फाटली आहे. या चिखल्या. उद्या जास्त दुखतील. घरातली आजी काही न बोलता दिवा जवळ आणते, मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल कोमट करते आणि एकेका बेचक्यात बोटाने भरते. आग होते. ओरडायचं असेल तर ओरडा, सगळेच ओरडतात. ती म्हणते, "रोवनी सरलीवर मिटते बापा, तोवर असाच."

जेवायला भात आहे. तोच गरम, तोच मुख्य. सोबत लाखोरीच्या डाळीचं वरण, तरोट्याची भाजी आणि सकाळच्या टोपलीतले झिंगे, तिखट रश्श्यात. उद्याच्या बांधीत चिन्नोर लागणार आहे. घरात त्याचा थोडा तांदूळ राखून ठेवलेला, सणासुदीचा, पाहुण्यांचा. आजीने आज त्यातला मूठभर शिजवला आहे, कारण तुम्ही पाहुणे. झाकण उघडताच सगळ्या घरात तो वास जातो आणि बोलणारी माणसं अर्धं वाक्य सोडून गप्प होतात. तुमच्या काळात, 2023 मध्ये, भंडाऱ्याच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळेल. इथे त्याची कोणाला गरज नाही, वासानेच ओळखतात.

ओसरीवर पडा. घोंगडी टोचते, कौलातून एक थेंब ठरलेल्या जागी पडतो, तिथे गाडगं ठेवलं आहे. डोळे मिटलेत की पायाखाली फळी सरकायला लागते. अंग अजून वळणं घेतंय. सगळ्यांचंच घेतं पहिल्या रात्री.

रात्रभर चिखल बसतो. भारी मातीत बसू द्यावाच लागतो. ताज्या गाळात रोप उभं राहत नाही, आडवं होतं. रेताड सिहारीत उलटं, तिथे वाट बघितली तर माती गच्च होते, म्हणून चिखल झाला की लगेच रोवणी. तुमची बांधी मोरंडीची, तेव्हा एक रात्र.

सकाळी बाया आल्या. वीस-पंचवीस जणी, लुगडी वर खोचलेली, पाठीवर पानांची छपरं, हातात पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, जुड्या. जुड्या बांधीत इकडे-तिकडे फेकल्या जातात, चपक्-चपक्. मग ओळ लागते आणि सगळ्या एकदम वाकतात. डाव्या हातात जुडी, उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि दोन बोटांनी चार-पाच काड्या वेगळ्या करून चिखलात खोचायच्या, मागे पाऊल टाकायचं. त्या मागे-मागे सरकतात आणि त्यांच्यापुढे हिरवं उगवत जातं. एकीने गाणं उचललं, दुसऱ्या टोकाने ओढून घेतलं, आणि हात त्या चालीवर पडू लागले. गाण्यात सासू आहे, भाऊ आहे, बांगड्या आहेत, मालगुजाराच्या वाड्यातली एक भानगडही आहे. ते ऐकून म्हातारा दुसरीकडे बघतो.

तुम्ही धुऱ्यावर उभे राहून जुड्या फेकताय आणि आपल्या कामाकडे कौतुकाने बघताय. सगळं सपाट, आरशासारखं. तेवढ्यात ओळीच्या मधोमध एक बाई ताठ होते, गाणं तसंच चालू ठेवून, कमरेवर हात ठेवते आणि पायाने एक जागा दाखवते.

"अगा ए फळीवाल्या! इथं पानी काऊन नाई?"

ताटाएवढं टेंगूळ. काल त्या वळणावर तुम्ही पडला होतात, तिथलंच. सगळी ओळ थांबते, गाणंही. पंचवीस जणी तुमच्याकडे बघताहेत. म्हातारा काही बोलत नाही, पावडा तुमच्याकडे सरकवतो. हल्ये आता नेता येणार नाहीत, दोन्हीकडे रोपं आहेत. उतरा. हळूच, रोपांच्या मधल्या फटीत पाय टाकत. टेंगळावरचा चिखल पावड्याने ओढा, डावीकडे, त्या लहरी मोठ्या दिसताहेत तिकडे. आता पावडा ठेवा आणि तळव्याने पसरवा. पाणी आत येतंय. थांबा, अजून एक बोट कमी करा. आलं.

बाई वाकून हात घालते, तळ चाचपते, आणि चार काड्या खोचते.

"हं," ती म्हणते. "आता तिकडच्या कोपऱ्यात पाय, तिथंबी असंच हाय."